दार उघडे की बंद, एवढे तरी लिहून ठेवा

प्रति,
महाराष्ट्रातील राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे माननीय कुलगुरू, आणि
पुण्या-मुंबईतील नामवंत विधी महाविद्यालयांचे माननीय प्राचार्य यांस,



पहिल्या वर्षाचा निकाल हातात आला की सोलापुरातल्या विधी शाखेच्या हुशार विद्यार्थ्यांपुढे एक प्रश्न येतो: इथेच शिकायचे, की ट्रान्सफर घेऊन मोठ्या कॉलेजात जायचे? पुण्यात शिकणाऱ्यापुढेही तो असतोच, फक्त गावांची नावे बदलतात. पुण्याहून मुंबई, मुंबईहून एखादे राष्ट्रीय विधी विद्यापीठ, तिथून बंगळुरू. प्रश्न खासगी वाटतो, म्हणून त्याची चर्चाही हॉस्टेलच्या खोलीत आणि घरच्या ओट्यावर होते. पण त्याचे उत्तर ज्या माहितीवर अवलंबून आहे, ती बहुतेक सगळी आपल्या कार्यालयांत आहे आणि ती विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाही. जावे की राहावे, हे ठरवण्याचा हक्क विद्यार्थ्याचा आहे. तो निर्णय त्याला पुरत्या माहितीनिशी घेता यावा, ही जबाबदारी मात्र आपली आहे. ती आज पार पाडली जात नाही, अशी माझी तक्रार आहे आणि या पत्रात ती सविस्तर मांडत आहे.

पत्र अक्कलकोट रोड एमआयडीसीतून लिहीत आहे, आणि हा पत्ता या विषयाशी जोडलेला आहे. टॉवेल, चादरी आणि यंत्रमाग यांच्या या वसाहतीभोवती मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी कामगार वस्ती आहे. या घरांत वकील होण्याचे स्वप्न बहुधा पहिल्यांदाच पाहिले जाते, आणि ते केवळ प्रतिष्ठेसाठी नसते. पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी, घराच्या जागेचा दावा, थकलेली मजुरी, अशा वाटांनी कायदा या घरांत आधीच शिरलेला असतो. 18 मे 2025 रोजी याच वसाहतीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागून 8 जणांचा मृत्यू झाला. अशा दुर्घटनेनंतर नुकसानभरपाई, कामगार विमा, कारखान्याच्या सुरक्षिततेचे नियम आणि फौजदारी तपास हे सगळे एकाच वेळी एका कुटुंबापुढे उभे राहते. त्याच वर्षी 21 नोव्हेंबरला 29 केंद्रीय कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या. जुन्या वकिलांनाही नव्याने वाचन करायला लावणारा हा काळ आहे. या वस्तीतून आलेला विद्यार्थी कुठे शिकतो, काय शिकतो आणि शिकून परत येतो का, याच्याशी इथल्या हजारो माणसांचा संबंध आहे. म्हणून ‘ट्रान्सफर घेऊ का’ या प्रश्नाकडे एका मुलाची महत्त्वाकांक्षा एवढ्याच नजरेने पाहता येत नाही.

पहिली गोष्ट नियमांची. महाराष्ट्रातील राष्ट्रीय विधी विद्यापीठांत पदवीचा प्रवेश क्लॅट या देशपातळीवरील प्रवेश परीक्षेतून आणि पहिल्या वर्षालाच होतो. बाकीच्या बहुतेक महाविद्यालयांत 2016 पासून राज्याची सीईटी आणि त्यानंतरचे केंद्रीय प्रवेशाचे कॅप राउंड आहेत. दुसऱ्या वर्षाला कॉलेज बदलायचे तर आधीच्या कॉलेजची टीसी आणि ना-हरकत, विद्यापीठ वेगळे असेल तर मायग्रेशन आणि एलिजिबिलिटी, शिवाय नव्या कॉलेजात रिकामी जागा, एवढ्या पायऱ्या चढाव्या लागतात. यातली कुठली पायरी कोणत्या तारखेपर्यंत चढायची आणि मुळात ती चढू देणार आहात का, याचे उत्तर विद्यार्थ्याला लिखित स्वरूपात हवे असते. त्याऐवजी त्याला खिडकीवर तोंडी उत्तर मिळते: जागा झाली तर बघू, ऑगस्टमध्ये या. ऑगस्टपर्यंत जुन्या कॉलेजची फी भरण्याची मुदत टळून जाते, नव्याची शाश्वती नसते, आणि दोन्हीकडून सुटण्याच्या भीतीने विद्यार्थी गप्प बसतो. गप्प बसला म्हणजे त्याने राहण्याचे ठरवले असे होत नाही. त्याला ठरवण्याची वेळच मिळालेली नसते.

यावर आपल्यातील काहीजण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांकडे बोट दाखवतील. त्यातील 13 व्या नियमाने लॅटरल एन्ट्रीला बंदी आहे, हे खरे आहे. पण ती बंदी नेमकी कशाला आहे? दुसऱ्या विषयातली पदवी दाखवून पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमात मधूनच शिरणे, किंवा अभ्यासक्रम मधेच तोडून एक पदवी पदरात पाडून बाहेर पडणे, या दोन गोष्टी त्या नियमाला रोखायच्या आहेत. मान्यताप्राप्त कॉलेजात तोच अभ्यासक्रम शिकणारा, तेच वर्ष पूर्ण केलेला विद्यार्थी दुसऱ्या मान्यताप्राप्त कॉलेजात पुढच्या वर्षाला बसतो, तेव्हा तो काहीही चुकवून पुढे जात नसतो. त्याचे प्रत्येक सत्र झालेले असते, हजेरी भरलेली असते, परीक्षा दिलेली असते. तरीही आपल्या विद्यापीठाला त्या नियमाचा अर्थ बंदी असाच लागत असेल, तर तसे स्पष्ट शब्दांत जाहीर करावे, म्हणजे निदान आशा लावून कोणी बसणार नाही. आणि अर्थ तसा लागत नसेल तर नियमाची ढाल पुढे करू नये.

आता अभ्यासक्रमाकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्यात मोठे नुकसान इथे होते आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोलले जाते. बार कौन्सिलने अनिवार्य विषयांची यादी देशभर एकच ठेवली आहे: 20 सक्तीचे विषय, मसुदालेखन, व्यावसायिक नीती, पर्यायी तंटानिवारण आणि मूट कोर्ट हे 4 प्रात्यक्षिक विषय, आणि वर ऐच्छिक विषय. कागदावर पाहिले तर एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाणे सोपे असायला हवे. मात्र कोणता विषय कोणत्या सत्रात शिकवायचा, हे ज्याचे त्याने ठरवलेले आहे. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात काही विद्यापीठांत पहिली दोन वर्षे मुख्यतः राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास आणि विधी-भाषा यांत जातात. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत करार कायदा आणि टॉर्ट पहिल्या वर्षापासूनच सुरू होतात. मग बदलून आलेल्या विद्यार्थ्याचे काय होते? त्याने शिकलेले अर्थशास्त्राचे दोन पेपर नव्या ठिकाणी अर्धेच धरले जातात, करार कायदा त्याचा राहिलेलाच असतो, आणि वर्गातली बाकीची मुले तेव्हा कंपनी कायदा किंवा पुरावा कायद्याकडे निघालेली असतात. करार कायदा न शिकता कंपनी कायदा समजून घेणे म्हणजे पायाशिवाय भिंत चढवणे. त्याला राहिलेले पेपर जादा देऊन, चालू सत्राच्या ओझ्यासह ते भरून काढावे लागते. पहिल्या वर्षी वर्गात पहिला आलेला विद्यार्थी बदलीच्या वर्षी बॅकलॉग घेऊन बसतो, तेव्हा दोष त्याच्या बुद्धीचा नसतो. कोणत्या विद्यापीठाचा कोणता पेपर आपल्या कोणत्या पेपरच्या बरोबरीचा, याचा तक्ता कोणी आधी तयारच केलेला नसतो.

असा तक्ता करणे अशक्य आहे काय? महाराष्ट्रात विधी शिक्षण देणारी विद्यापीठे मोजकी आहेत. प्रत्येकाचा अभ्यासक्रम छापील स्वरूपात उपलब्ध असतो. विषयतज्ज्ञांच्या एका समितीने महिनाभर बसून हे काम केले, तर ते पुढची पाच-सात वर्षे पुरेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे विनियम केले ते याच हेतूने, की एका संस्थेत मिळवलेले श्रेयांक दुसरीकडे नेता यावेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रस्तावित एकल नियामकाच्या कक्षेतून विधी आणि वैद्यकीय शिक्षण वगळले आहे, हे मला ठाऊक आहे. पण नियामक वेगळा असणे आणि समकक्षतेचा तक्ता नसणे, या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही. तक्ता करण्यासाठी आपल्याला दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.

अमेरिकेतले उदाहरण इथे उपयोगी पडते. तिथे पहिल्या वर्षानंतर लॉ स्कूल बदलणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि तिच्याभोवती गूढ नाही. अमेरिकन बार असोसिएशनच्या 509 क्रमांकाच्या मानकानुसार प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूलला दरवर्षी एका ठरलेल्या नमुन्यात माहिती जाहीर करावी लागते. किती विद्यार्थी बदलून आले, किती बदलून गेले, आलेले कोणकोणत्या लॉ स्कूलमधून आले, हे त्यात असते, आणि आलेल्यांची संख्या पुरेशी असेल तर त्यांच्या पहिल्या वर्षाच्या गुणांची पातळीही द्यावी लागते. हा नमुना वाचून तिथला विद्यार्थी आपले गुण त्या पातळीशी ताडून पाहतो आणि अर्ज करायचा की नाही ते ठरवतो. आपल्याकडे असा सक्तीचा नमुना नाही. तो स्वेच्छेने भरण्यापासून आपल्याला कोणीही अडवलेले मात्र नाही.

त्याच देशातले आणखी एक उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याने आणि प्रत्येक प्राचार्याने लक्षात ठेवावे असे आहे. रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी 1956 मध्ये हार्वर्ड लॉ स्कूलमध्ये प्रवेश घेतला. दोन वर्षांनी पतीच्या नोकरीमुळे कुटुंब न्यूयॉर्कला गेले आणि त्यांनी शेवटचे वर्ष कोलंबियात केले. तिसरे वर्ष कोलंबियात करूनही पदवी हार्वर्डची मिळावी, ही त्यांची विनंती हार्वर्डच्या डीननी नाकारली. 1959 मध्ये त्यांनी कोलंबियाची पदवी घेतली, तीही वर्गात संयुक्तपणे पहिल्या येऊन. इतके असूनही न्यूयॉर्कच्या एकाही लॉ फर्मने त्यांना नोकरी दिली नाही, कारण त्या स्त्री होत्या आणि आई होत्या. देशातली दोन सर्वांत मोठी नावे पाठीशी असताना त्यांच्यासाठी बाजाराची दारे बंद राहिली. पुढे 1993 मध्ये त्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या त्या स्त्री-पुरुष समानतेसाठी लढवलेल्या खटल्यांच्या बळावर. मला यातून दोन गोष्टी दिसतात. कॉलेज बदलणे कधी कधी गुणवत्तेपेक्षा घरच्या परिस्थितीमुळे करावे लागते आणि संस्थेने त्याला अप्रामाणिकपणा समजू नये, ही पहिली. दुसरी अशी की नावाने जे मिळेल असे वाटते, ते ज्याला बाजार आधीच डावलतो त्याला मिळतेच असे नाही. अक्कलकोट रोडच्या यंत्रमाग कामगाराच्या मुलीला हे दुसरे सांगणारे कोणी भेटत नाही.

नावाचा विषय निघाला म्हणून प्लेसमेंटबद्दल. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत 2018 पासून विधी शाखेची स्वतंत्र यादी लागते आणि संस्थांनी दिलेली आकडेवारीही त्यात असते. किती जणांना नोकरी लागली, मधल्या क्रमांकाचा पगार किती, किती जण उच्च शिक्षणाला गेले, हे कळते. हे चांगलेच आहे. पण त्या तक्त्यात वकिलीच करणारा पदवीधर नीट दिसत नाही. जिल्हा न्यायालयात ज्युनिअर म्हणून उभा राहणाऱ्याला पगारपत्रक नसते, म्हणून त्याचे यशही मोजले जात नाही. बार कौन्सिलने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनिअर वकिलांना शहरी भागात महिना किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही, आणि आपल्या संस्थेतून बाहेर पडलेल्या किती जणांना प्रत्यक्षात तेवढे मिळते, हे आपण कधी विचारलेले दिसत नाही. शिवाय नोकरीचे जे आकडे पुस्तिकेत छापले जातात, त्यांत पहिल्या वर्षापासून असलेल्यांना आणि मधून आलेल्यांना वेगळे दाखवलेले नसते. मोठ्या फर्मची भरती इंटर्नशिपच्या साखळीतून होते आणि ही साखळी पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून बांधली जाते. मूट कोर्ट समिती, नियतकालिकाचे संपादक मंडळ, प्राध्यापकांचे शिफारसपत्र, सगळ्याची सुरुवात तेव्हाच होते. उशिरा आलेल्याला या रांगेत कुठे उभे करता, हे आपण सांगायला हवे. तो संपादक मंडळासाठी अर्ज करू शकतो का? सुवर्णपदकाला पात्र असतो का? त्याच्या गुणपत्रिकेवर आधीच्या वर्षाचे गुण येतात का? नियमावलीत तीन ओळी घातल्या की या प्रश्नांची उत्तरे होतात.

पैशाबद्दल थोडक्यात, कारण आकडे आपल्याला माहीत आहेत. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाची वर्षाची फी काही हजारांत आहे, राष्ट्रीय विधी विद्यापीठात वसतिगृहासह खर्च लाखांत जातो. सोलापुरात घरून शिकणारा पुण्याला अडीचशे किलोमीटरवर गेला की खोलीभाडे आणि मेस सुरू होते. त्यात शिष्यवृत्तीचा प्रश्न आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती किंवा पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता घेणाऱ्या विद्यार्थ्याने मधल्या वर्षी कॉलेज बदलले, तर महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर त्याचा अर्ज नूतनीकरण धरला जाईल की नवीन, कोणत्या कॉलेजने तो पुढे पाठवायचा, एखाद्या वर्षाचा हप्ता अडकला तर फी कोण भरणार? हे ठरवून, प्रवेशाच्या सूचनेतच छापणे आपल्या कार्यालयाला सहज जमेल. ज्या घरात आठवड्याच्या पगारावर आठवडा काढला जातो, तिथे एक हप्ता अडकला की शिक्षण थांबते.

इथवर वाचून असे वाटेल की सगळ्यांनी पुण्या-मुंबईला जावे असे माझे मत आहे. तसे नाही. राहण्याच्या बाजूनेही 2024 पासून बरेच काही बदलले आहे आणि तेही विद्यार्थ्याला सांगितले जात नाही. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गबरोबर सोलापूर जिल्हाही त्याच्या कक्षेत आहे. उच्च न्यायालयात काम करायचे तर मुंबईत बिऱ्हाड हवे, ही पिढ्यान्पिढ्यांची अट सोलापूरच्या वकिलापुरती सैल झाली. 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. न्यायाधीश होण्याची इच्छा असलेल्या विद्यार्थ्याला आता पदवीनंतर तीन वर्षे प्रत्यक्ष न्यायालयात घालवायची आहेत, आणि ती जिथे पक्षकार ओळखीचे, भाषा आपली, सिनिअर उपलब्ध, तिथे घालवणे जास्त फलदायी. 30 जुलै 2024 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने वकिलीच्या सनदेसाठी कायद्यात ठरलेल्या 750 रुपयांपलीकडे शुल्क आकारायला राज्य बार कौन्सिलांना मनाई केली. सुरुवातीच्या खर्चाचा तेवढा अडसरही दूर झाला. या सगळ्याचा विचार करता, सोलापूरच्या न्यायालयात किंवा कोल्हापूरच्या बेंचपुढे काम करायचे ठरवलेल्या विद्यार्थ्याने दुसऱ्या वर्षी कॉलेज बदलण्यासाठी एवढी ओढाताण करणे मला सूज्ञपणाचे वाटत नाही. दिल्लीत आंतरराष्ट्रीय लवादाचे काम करायचे असेल, किंवा कॉर्पोरेट फर्ममध्ये जायचे असेल, तर मात्र बदलणे योग्य ठरू शकते.

माणसे पाहावीत तर वाटा अनेक दिसतात. सोलापुरात जन्मलेले न्या. उदय लळित मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात शिकले आणि 2022 मध्ये सरन्यायाधीश झाले. न्या. शरद बोबडे नागपूर विद्यापीठाचे, न्या. भूषण गवई अमरावती विद्यापीठाचे. दोघेही त्याच पदावर पोहोचले. यावर कोणी म्हणेल, की तो काळ वेगळा होता, बंगळुरूचे पहिले राष्ट्रीय विधी विद्यापीठच मुळी ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातले. हा आक्षेप रास्त आहे आणि म्हणूनच मी या नावांवरून ‘कॉलेजने काही फरक पडत नाही’ असा निष्कर्ष काढत नाही. फरक पडतो. किती पडतो आणि कोणाच्या बाबतीत पडतो, हे कळायला आजच्या पदवीधरांची माहिती लागते, आणि ती आपल्याकडे आहे.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. क्लॅट देऊन, वर्षभर क्लासला जाऊन जागा मिळवलेल्या विद्यार्थ्यांवर मागच्या दाराने येणारे अन्याय करतील, असे म्हटले जाते. गुणवत्तेची काळजी मलाही आहे. पण क्लॅट कशाची परीक्षा घेते? सतरा-अठराव्या वर्षी, दोन तासांत, इंग्रजीतून, वाचनाचा वेग आणि तर्क. अर्जाची फीच चार हजारांच्या आसपास, क्लासची फी त्याच्या कितीतरी पट. विधी अभ्यासक शमनाद बशीर यांनी वंचित विद्यार्थ्यांना विधी शिक्षणात आणण्यासाठी 2010 मध्ये सुरू केलेल्या आयडीआयए या उपक्रमाच्या पाहण्यांतून राष्ट्रीय विधी विद्यापीठांतले बहुसंख्य विद्यार्थी शहरी आणि इंग्रजी माध्यमाचे असल्याचे पुढे आले. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी त्या दोन तासांत मागे पडला म्हणून तो कायद्यात कच्चा ठरत नाही. एक वर्ष कायदा शिकल्यावर त्याने करार कायद्यात, घटनेत, मूटमध्ये काय केले, हा पुरावा त्या दोन तासांपेक्षा किती तरी भरवशाचा आहे. पहिल्या वर्षानंतर आपल्याकडे ज्या जागा सुटतात, त्यांपैकी काही जरी लेखी परीक्षा आणि मुलाखत घेऊन अशा विद्यार्थ्यांना दिल्यात, तर ती सवलत होणार नाही, गुणवत्तेचीच दुसऱ्यांदा झालेली तपासणी होईल. कोणाचीही जागा हिसकावली जाणार नाही, कारण ती जागा रिकामीच होती. आणि परीक्षा खुली, तारीख आणि निकषांसह जाहीर केलेली असेल, तर मागचे दार म्हणायला काही कारण उरत नाही. ओळखीवर आणि तोंडी शब्दावर चालते तेच मागचे दार, आणि ते बंद व्हावे म्हणूनच मी लेखी धोरण मागतो आहे.

दुसरा आक्षेप आमच्याच बाजूचा आहे आणि तो मला अधिक छळतो. हुशार मुले अशी उचलून नेली, तर सोलापूरच्या वर्गांत कोण उरेल? दयानंद विधी महाविद्यालयासारख्या इथल्या संस्थांनी या जिल्ह्याला वकील दिले आहेत. त्यांचे वर्ग दरवर्षी वरून खुडले गेले, तर शिकवणाऱ्यांचाही उत्साह जाईल. ही भीती खोटी नाही. तरीही टीसी अडवून, ना-हरकत लांबवून, निकाल उशिरा हाती देऊन विद्यार्थी टिकत नाही, तो फक्त मनाने आधी निघून जातो. म्हणून छोट्या शहरांतल्या प्राचार्यांनाही याच पत्रातून विनंती आहे: अर्ज आल्यावर ठरलेल्या दिवसांत कागद द्या, आणि विद्यार्थी का जातो आहे हे त्याला लेखी विचारून ठेवा. ग्रंथालयात डेटाबेस नाही म्हणून जातो, मूटला प्रशिक्षक नाही म्हणून जातो, की फक्त नावासाठी जातो, हे तीन वर्षे नोंदवले तर आपल्या कॉलेजला काय हवे ते मागण्यासाठी व्यवस्थापनापुढे आणि शासनापुढे ठेवायला पुरावा हाती येईल.

मोठ्या संस्थांकडे याच बाबतीत आणखी एक मागणे आहे, आणि ते मला ट्रान्सफरपेक्षाही महत्त्वाचे वाटते. एक सत्र पाहुणा म्हणून शिकण्याची सोय करा. सोलापूरच्या किंवा नांदेडच्या विद्यार्थ्याने एक सत्र आपल्याकडे काढावे, आपले ग्रंथालय वापरावे, आपल्या प्राध्यापकांकडे एक-दोन ऐच्छिक विषय करावेत, त्यांचे गुण त्याच्या मूळ विद्यापीठाने धरावेत, आणि त्याने परत जावे. आपल्या विद्यार्थ्यांनीही इकडे यावे. कामगार कायदा शिकायला अक्कलकोट रोड एमआयडीसीइतके जिवंत ठिकाण त्यांना आपल्या आवारात मिळणार नाही. टॉवेलच्या कारखान्यातली हजेरीपुस्तके, कंत्राटदारामार्फत लागलेले कामगार, शेजारच्या कुंभारीत रे नगरच्या वसाहतीत राहायला आलेली असंघटित कामगारांची हजारो कुटुंबे, त्यांची विम्याची आणि भविष्यनिर्वाह निधीची प्रकरणे, हे सगळे इथे आहे. नव्या संहितांचा अर्थ कसा लावायचा याच्या पहिल्या लढाया अशाच ठिकाणच्या पक्षकारांच्या नावे लढल्या जाणार आहेत. बार कौन्सिलच्या नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवड्यांची आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात 12 आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची आहेच. त्यातले काही आठवडे जिल्ह्याच्या गावी, कामगारांच्या वकिलाकडे काढायला लावण्यास कोणताही नियम आड येत नाही.

भाषेचा मुद्दा शेवटी, पण तो दुय्यम नाही. राज्यातील अनेक विद्यापीठांत विधीची उत्तरपत्रिका मराठीतून लिहिता येते. राष्ट्रीय विधी विद्यापीठात सगळे इंग्रजीतून. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने राज्यातील विधी संस्थांनी इंग्रजीबरोबर राज्याच्या भाषेतूनही शिक्षण देण्याचा विचार करावा असे म्हटले आहे. बदलून येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी पहिल्या सत्रात इंग्रजी विधीलेखनाचा जोडवर्ग ठेवलात, आणि आपल्या सर्वच विद्यार्थ्यांसाठी मराठीतून कैफियत, अर्ज आणि साक्ष लिहिण्याचा एक विषय ठेवलात, तर तालुका न्यायालयात उभे राहताना दोघांचाही फायदा होईल.

पुढील प्रवेशाची सूचना निघेल तेव्हा तिच्यात एक पान या विषयासाठी असावे, एवढी विनंती आहे. दुसऱ्या वर्षाला बदली घेतो की नाही, हे होय किंवा नाही अशा एका शब्दात. घेत असल्यास मागील वर्षी किती जागा सुटल्या, किती भरल्या, निवड कशी केली, अर्जाची शेवटची तारीख काय. कोणत्या विद्यापीठाचे कोणते पेपर धरले जातील. वसतिगृहासह एकूण खर्च आणि शिष्यवृत्तीचे काय. मधून आलेल्यांपैकी पदवीनंतर कोण फर्ममध्ये, कोण न्यायालयात, कोण स्पर्धा परीक्षेकडे गेले. हे पान मराठीतही असावे, कारण निर्णय एकटा विद्यार्थी घेत नाही, कारखान्यातून पाळी संपवून आलेले त्याचे आईवडीलही घेतात. आणि ते पान पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्राची परीक्षा सुरू होण्याआधी प्रसिद्ध व्हावे. आपले उत्तर, ते नकाराचे असले तरी, जाहीरपणे द्यावे.

कळावे,

आपला नम्र,
विधी शिक्षणाविषयी आस्था असलेला एक नागरिक
अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर